त्यांची झोपडी 'पोर्टेबल', आपली झोपडी 'अतिक्रमण'



पावसाळा संपल्यापासून डोंगरातल्या काही पाड्यांवर एक रंगीत कागद फिरतो आहे. झाडीत उभ्या असलेल्या झोपड्यांची चित्रं आहेत, पुढं लाकडी ओटा, ओट्यावर दोन खुर्च्या, आणि वर मोठ्या अक्षरात 'पोर्टेबल इको-फ्रेंडली प्रीफॅब निवास'. (पत्रक वाचून दाखवणाऱ्या साथीने इथं थांबून नीट समजावून सांगावं.) म्हणजे कारखान्यात तुकड्यातुकड्यांनी तयार केलेलं घर. ट्रकवर घालून आणायचं, लोखंडी पायांवर उभं करायचं, बोल्ट आवळायचे, दोन-चार दिवसांत घर तयार. नको झालं की बोल्ट सोडून परत न्यायचं. राहणार कोण, तर शहरातून जंगल बघायला येणारे पाहुणे.

कागद घेऊन येणारे लोक गोड बोलतात. "सिमेंट नाही, पाया खोदायचा नाही, झाड तोडायचं नाही. पक्कं बांधकामच नाही हो. उद्या तुम्हाला नको वाटलं तर उचलून नेऊ. मग हरकत कसली?" आणि मग खाली सही किंवा अंगठा मागतात. एका पाड्यावर तर हजेरीच्या कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या आणि चहा पाजला. आपल्यातल्या काही शिकलेल्या पोरांनाही यात वाईट काही दिसत नाही. त्यांच्यावर आम्ही रागावलेलो नाही. पण सही करायच्या आधी चार गोष्टी बोलल्या पाहिजेत, म्हणून हे लिहितो आहोत.

पहिली गोष्ट. उचलून नेता येणारं घर आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपलं घर तसंच आहे. सागाचे खांब, खाचेत बसवलेली आडवी लाकडं, बांबूचा कुड, त्यावर शेणामातीचा लेप, वर कौलं नाहीतर गवत. एक कुटुंब एकटं ते बांधतच नाही. लाह बोलावली जाते, सगळा पाडा येतो, घरधनी जेवण घालतो आणि घर उभं राहतं. जागा बदलायची झाली तर तीच लाकडं सुटतात आणि दुसरीकडं तीच परत जुळतात. सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा नर्मदाकाठच्या आपल्या लोकांनी घरं अशीच सोडवली, खांब अन् खांब खांद्यावर वाहून वर आणला. त्याला कुणी 'इको-फ्रेंडली' म्हटलं नाही. उलट फॉरेस्टवाल्यांनी ते लाकूड कुठून आणलं म्हणून विचारलं.

आता नवाडाच्या जमिनीवर बांधलेल्या आपल्या झोपडीला काय नाव आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. अतिक्रमण. ती मोडली जाते, लाकडं जप्त होतात, वर केस लागते. कुड बांबूचा, जमीन शेणाची, एक थेंब सिमेंट नाही, तरी अतिक्रमण. आणि पत्र्याच्या दोन थरांत फोम भरून केलेली, ट्रकवरून आलेली झोपडी मात्र 'तात्पुरती रचना', तिला कायदा लागत नाही म्हणे! दोन्हींत फरक सामानाचा नाही, आत झोपणारा कोण याचा आहे.

हा नुसता अपमानाचा मुद्दा असता तर आम्ही एवढं लिहिलं नसतं, अपमानाची आपल्याला सवय आहे. मुद्दा जमिनीचा आहे, तो नीट ऐका.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यात वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कब्जा असला पाहिजे, असं आहे. तो सिद्ध करायला आपण काय काय केलं? जुने दंडाचे कागद शोधले, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, जीपीएस घेऊन उन्हात बांधाबांधाने फिरलो. तरी कितीतरी दावे उपविभागीय समितीतून 'पुरावा अपुरा' म्हणून परत आले. या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे, नियम १३. त्यात घर, झोपडी, जमिनीचं सपाटीकरण, बांध हे सगळं पुरावा म्हणून धरलेलं आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत झोपडी ही नुसती झोपायची जागा नाही. ही जमीन कोण वापरतं याची ती साक्ष आहे. आपली झोपडी मोडायची घाई का असते, ते आता लक्षात येईल. झोपडी मोडली की साक्षीदार गेला.

आणि त्याच जंगलात, जिथं गावाचा सामूहिक हक्काचा दावा अजून फायलीत पडून आहे, तिथं उद्या वीस 'पोर्टेबल' झोपड्या उभ्या राहिल्या तर त्या कुणाची साक्ष देतील? दहा वर्षांनी मोजणीला माणूस येईल, तो लिहील 'पर्यटन केंद्र, ताबा अमक्याचा'. गावाने म्हणावं की इथं आम्ही मोहू वेचायचो, तेंदूपत्ता तोडायचो, गुरं चारायचो, तर विचारतील, मग आता का नाही वेचत? कुंपण घातलंय म्हणून नाही वेचत, साहेब. झोपडी हलेल हो, पण कुंपण हलत नाही. बोअर हलत नाही, गाड्या उभ्या करायला सपाट केलेला माळ हलत नाही, विजेची लाईन आणि फाटक हलत नाही. झोपडी जुनी झाली तर तिच्या जागी दुसरी नवी झोपडी येईल. हलवता येते ती वस्तू. कब्जा नव्हे.

केवडियाकडं बघा. लांबचं उदाहरण नाही, मणिबेलीहून नदीने खाली गेलं की धरण आणि धरणाच्या खाली केवडिया. आपल्यातले कितीतरी जण तिथं मजुरीला गेले आहेत, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. केवडिया, वाघडिया, लिमडी, नवागाम, गोरा, कोठी या सहा गावांची जमीन १९६१-६२ मध्ये घेतली, धरणाच्या कॉलनीसाठी म्हणून. तडवी आदिवासींची गावं. पाण्यात बुडाली नाहीत म्हणून लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात त्यांना बुडीतवाल्यांसारखा जमिनीबदली जमिनीचा हक्कही मिळाला नाही. मग जी जमीन धरणाच्या कामाला लागली नाही ती परत द्यायला नको होती का? दिली नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ ला तिथं १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला आणि सोबत तंबूंचं शहर आलं, एसी लावलेले तंबू, आत पलंग, संडास-बाथरूम. तंबूपेक्षा हलकं, तंबूपेक्षा 'पोर्टेबल' जगात दुसरं काय आहे? पण त्या सहा गावांतल्या माणसाला कुणी सांगितलं का, की बाबा, हंगाम संपला, तंबू गुंडाळला, आता तुझं शेत तू कस? गावाचं नावसुद्धा बदललं, एकतानगर. काही तडवी बाया तिथं ई-रिक्षा चालवतात, त्यांना चार पैसे मिळतात, हेही खरं आहे आणि ते आम्ही लपवत नाही. पण ज्या जमिनीवरून ती रिक्षा धावते ती कुणाची होती, ते रिक्षात बसणाऱ्याला कुणी सांगत नाही.

त्याच नदीवर आपल्यालाही प्रीफॅब घर मिळालं होतं, विसरलात काय? महाराष्ट्रातली अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं बुडितात गेली. गुजरातच्या वसाहतींत ज्यांना नेलं त्यांना घर म्हणून पहिल्यांदा काय दिलं? पत्र्याचं शेड. लोखंडाचा सांगाडा, वर पत्रा, बाजूला पत्रा, बोल्ट आवळले की झालं. तेही 'तात्पुरतं'च होतं. त्या तात्पुरत्या पत्र्याखाली माणसं वर्षानुवर्षं राहिली, उन्हाळ्यात पोरं भाजली, गुरांना जागा नाही, धान्य ठेवायला कणगी मावत नाही. पुढं २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद करायची वेळ आली तेव्हा मध्य प्रदेशातल्या बुडीत लोकांसाठीही पत्र्याचेच शेड उभे केले. एकच नदी, एकच धरण. बुडणाऱ्याला पत्रा आणि बघायला येणाऱ्याला एसी तंबू. आपलं 'तात्पुरतं' काही वर्षं संपलं नाही. त्यांचंही संपणार नाही, फक्त आत गारवा असेल.

मेळघाटात कोरकूंची बोरी, कोहा, कुंड ही गावं वाघासाठी म्हणून जंगलाबाहेर नेली. पाहुण्यांच्या राहायच्या खोल्या सेमाडोहला, कोलकासला आतच राहिल्या. माणसाने वाघ बिथरतो आणि पाहुण्याने बिथरत नाही, हे शास्त्र आम्हाला बारावीपर्यंत कुणी शिकवलं नाही.

आता ती वस्तू खरंच किती 'इको-फ्रेंडली' आहे तेही बघू. भिंत म्हणून जो पॅनेल येतो तो बहुतेक वेळा दोन पातळ पत्रे आणि मध्ये फोम नाहीतर थर्माकोल. गारवा टिकतो, वजन कमी, हे खरं. पण फोम पेटला तर विषारी धूर होतो, आणि चैत्र-वैशाखात आपल्या जंगलात पालापाचोळा कसा पेटतो ते तुम्हाला आम्ही काय सांगायचं. पत्रा भंगारवाला नेईल. फोम कोण नेणार? तो कुजत नाही, ओढ्यात पडून राहील. आपलं घर पडलं तर माती मातीत जाते आणि लाकूड चुलीत. काही जण म्हणतात, आम्ही खऱ्या बांबूची झोपडी करू. करा की. पण वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, त्याची मालकी हक्कदारांची. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला आहे. तुमच्या झोपडीत बांबू आमच्या जंगलाचा असेल तर आधी ग्रामसभेकडून विकत घ्या, भाव आम्ही सांगू.

आणि पाणी. कागदावर पाण्याबद्दल एक ओळ नाही, म्हणून आम्हीच हिशेब केला. सरकारच्या जलजीवन योजनेत गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरलेलं आहे. (मिळतं किती ते झिऱ्यावर हंडा घेऊन रात्री बसणाऱ्या बायांना विचारा.) साध्या हॉटेलसाठी इंजिनियर लोक एका खाटेमागे दिवसाला १८० लिटर धरतात. वीस झोपड्या, दोन-दोन खाटा, म्हणजे ४० खाटा. चाळीस गुणिले एकशेऐंशी, रोजचे ७,२०० लिटर. ५५ च्या हिशेबाने एवढं पाणी १३० माणसांना पुरतं. एका पाड्याचं पाणी झालं ते! पाहुणे येणार सुट्ट्यांत, म्हणजे मे महिन्यात, नेमका झिरा आटतो तेव्हा. झोपडी लोखंडी पायांवर अधांतरी ठेवली, जमिनीला धक्का लावला नाही, असं म्हणतात. पण तिची बोअर तीनशे फूट खाली गेली तर तो धक्का नाही? आणि संडासाचं पाणी कुठं जाणार? डोंगरावरून खालीच येणार, खाली आपला झिरा.

पाहुणे येऊच नयेत असं आमचं म्हणणं नाही. काठीच्या होळीला दरसाल हजारो लोक येतात. गावोगावचे बुध्या, बावा, ढोल घेऊन रात्रभर नाचतात, पहाटे होळी पेटते, उजाडलं की आपापल्या वाटेने निघून जातात. मागं राहते राख. त्यांच्यासाठी कुणी झोपडी आणली नाही, कुंपण घातलं नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही तंबू लागतात, यात्रा सरली की निघतात. ती यात्रेची जागा, सगळ्यांना ठाऊक, त्यावर कुणी भांडत नाही. पाहुणा याहामोगीच्या नवसाला आला तरी आपण त्याला भाकर देतो. भांडण पाहुण्याशी नाही. पाहुण्याच्या नावाने जमीन घेणाऱ्याशी आहे.

पोरांचं म्हणणं मात्र मनावर घ्यायला हवं. ते म्हणतात, दिवाळी झाली की कोयता घेऊन गुजरातला ऊसतोडीला जायचं, बायकोपोरांसकट उघड्यावर राहायचं, मुकादमाची उचल फिटत नाही. त्यापेक्षा गावात झोपड्या आल्या तर वॉचमनची नोकरी तरी मिळेल. हे दुःख खोटं नाही, आमच्यातले काही जण स्वतः कोयत्यावर गेलेले आहेत. पण भावांनो, त्या कागदात नोकरीचं काय लिहिलंय ते वाचा. 'स्थानिकांना रोजगार', दोन शब्द. किती जणांना, किती पगार, किती वर्षं, काही नाही. चादरी धुणं, खोल्या झाडणं, संध्याकाळी शेकोटीपुढं आपला ढोल वाजवून नाचून दाखवणं, हा तो रोजगार. आपल्या इंदलचा नाच तिकिटावर. मालक कोण असेल? भाडं कुणाच्या खात्यात जाईल? पाहुणे ठेवून खरंच पैसा मिळणार असेल तर ग्रामसभेने ठरवावं, आपल्या घरात, आपल्या लाहने बांधलेल्या घरात चार पाहुणे ठेवावेत, किती यायचे आणि कुठं जायचं नाही ते गावाने सांगावं, पैसा गावाच्या खात्यात यावा. त्याला आम्ही आडवे येणार नाही. पण दुसऱ्याच्या झोपडीत चौकीदार व्हायला आपलं रान द्यायचं, हा सौदा ऊसतोडीपेक्षा फार वेगळा नाही. तिथं निदान जमीन तरी आपली राहते, परत यायला.

आता कायद्याचं. ते म्हणतील, कायदा बदलला. बदललाय, ते खरं आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, नावही हिंदीत नवीन ठेवलं. त्यात वनविभागाच्या कार्य आयोजनेत किंवा वन्यजीव आराखड्यात दाखवलेल्या निसर्ग-पर्यटनाच्या सोयी 'वनेतर काम' धरल्या जात नाहीत. म्हणजे पूर्वी जंगल दुसऱ्या कामाला द्यायचं तर केंद्राची मंजुरी लागायची, ती या कामाला आता लागणार नाही. पण एवढ्यावरून कुणी म्हणालं की ग्रामसभेलाही विचारायला नको, तर ते चूक आहे. दुरुस्ती त्या कायद्यात झाली, वनहक्क कायदा जसाच्या तसा उभा आहे. त्याच्या कलम ३(२) मध्ये १३ सोयी लिहिल्या आहेत, ज्यांच्यासाठी ग्रामसभेच्या शिफारशीने जंगलातली एक हेक्टरहून कमी जमीन देता येते, आणि हेक्टरी ७५ हून जास्त झाडं जाता कामा नयेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाण्याची टाकी, रस्ता, समाजमंदिर वगैरे. तेराच्या तेरा वाचा, हॉटेल कुठंच नाही. कलम ४(५) सांगतं, दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही त्याच्या कब्जातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. कलम ५ सांगतं, जंगल, जनावरं, पाण्याचे स्रोत यांना नुकसान होणार नाही हे बघायचा अधिकार ग्रामसभेचा. ओडिशात नियमगिरीला २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारा म्हणून सांगितलं, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं आणि खाण झाली नाही.

आणि आपल्या घराचं काय? पोराचं लग्न झालं, घर अपुरं पडतं, शेजारच्या वनजमिनीवर दोन खण वाढवायचे, एवढ्यासाठी महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये खुद्द राज्यपालांना पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून अधिसूचना काढावी लागली. इथल्या माणसाच्या दोन खणांसाठी राज्यपाल लागतात, आणि पाहुण्याच्या वीस झोपड्यांना नुसता ट्रक पुरतो.

ती वस्तू दोन दिवसांत उभी राहते, हलकी आहे, डोंगरात नेता येते, हे सगळं खरं असेल तर आमची एक मागणी आहे. आधी अंगणवाडी उभी करा. ज्या पाड्यांवर पोरं झाडाखाली बसतात, जिथं बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणावं लागतं, तिथं दवाखान्याची एक खोली उभी करा. दोन्ही त्या १३ सोयींत आहेत, ग्रामसभा एका दिवसात शिफारस देईल. तिथं 'रस्ता नाही, सामान पोचत नाही' म्हणणारे लोक पाहुण्यांची झोपडी मात्र पोचवतात कशी, ते तरी कळेल.

तोपर्यंत कोऱ्या कागदावर सही नाही, हजेरीच्या नावाने नाही, चहाच्या बदल्यात नाही. कुणी आलं तर सांगा, ग्रामसभेत बोला. वनहक्काची ग्रामसभा पाड्याची बोलवा. निम्म्याहून कमी लोक असतील तर ती भरत नाही, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, नाहीतर उद्या तोच मुद्दा काढून ठराव फेटाळतील. त्यांना विचारा: जागेचा सर्व्हे नंबर आणि कंपार्टमेंट नंबर काय, ती आमच्या दाव्याच्या नकाशात येते का, पाणी कुठून घेणार, संडासाचं पाणी कुठं सोडणार, करार कुणाबरोबर आणि किती वर्षांचा, कुंपण कुठून कुठपर्यंत. उत्तरं तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि लिहिलेलं सगळ्यांसमोर आपल्या बोलीत वाचून दाखवा. सामूहिक दावा अजून दाखल केला नसेल तर आधी तो दाखल करा, पोच घ्या, त्यानंतरच या विषयावर बोला. ठरावाची एक प्रत पंचायतीत, एक वनहक्क समितीच्या पेटीत आणि एक आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात गावाच्या नावासकट छापू.

रंगीत कागद फाडू नका, पाठकोरा म्हणून पोरांनाही देऊ नका. त्यावर 'गरज नसेल तेव्हा पूर्णपणे काढून नेता येते' असं छापलेलं आहे. आणणाऱ्याची सही, तारीख आणि हुद्दा त्या ओळीखालीच घ्या.